मला चक्कर येत नाही, पृथ्वी फिरते

२ डिसेंबर २०२५, मंगळवार. सकाळी.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट नोंदवून ठेवतो. काल मी फ्लॉवरच्या ढिगावर पडलो नाही. बसलो. पडणारा माणूस ओरडतो. मी ओरडलो नाही. ओरडल्या त्या भाजीवाल्या राहीबाई, कारण फ्लॉवर त्यांचे होते.

झालं असं. विजयमाला मेथीच्या जुड्या उलट्यासुलट्या करून बघत होती. नवरा निवडताना तिच्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. मी पिशवी धरून उभा. डोक्यावर निंबाचं झाड. निंब दिसला की मला गुरुजींची कविता आठवते, आणि आठवली की म्हटल्यावाचून राहवत नाही. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि नगरची सावेडी माझ्याभोवती सावकाश फिरायला लागली. आधी मेडिकल गेलं, मग एटीएम, मग पुन्हा मेडिकल. याला लोक चक्कर म्हणतात. मी म्हणत नाही. पृथ्वी फिरतेच. बाकीच्यांना कळत नाही, कविमनाच्या माणसाला कळतं.

राहीबाई म्हणाल्या, बाबा, बसायचंच हुतं तर कोबीवर बसायचं. कोबी दबत न्हाई.

दबलेले सगळे फ्लॉवर घ्यावे लागले. काल फ्लॉवर बटाटा. आज फ्लॉवर वाटाणा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

आनंदाची वार्ता! घोडेगावच्या आमच्या शाळेतून फोन. मुख्याध्यापिका सायली मॅडम. शाळेला शंभर वर्षं होतायत. २५ जानेवारीला शताब्दी सोहळा. त्यात गुरुजींची कविता म्हणायची. गुरुजींनी स्वतः रचलेली, कुठल्या पुस्तकात नाही, फक्त आमच्या वर्गाच्या डोक्यात. वर्गातले बरेच जण आता डोक्यासकट गेले. उरलेल्यांत कविता येणारा मी. आणि मच्छिंद्र. पण मच्छिंद्राला मधलं कडवं येत नाही. चौथीतही येत नव्हतं. गुरुजींनी त्यासाठी त्याला अंगठे धरून उभं केलं होतं. तरी आलं नाही.

डोळे मिटले की अजून तो वर्ग दिसतो. शेणाने सारवलेली जमीन, कौलातून येणारा उन्हाचा कवडसा, त्यात तरंगणारी धूळ. आम्ही पोरं कविता म्हणताना एकमेकांकडे बघून फिदीफिदी हसायचो. म्हणून गुरुजींनी नियम केला: हात मागे, मान वर, नजर आढ्याला, मग तोंड उघडायचं. साठ वर्षं उलटून गेली, मी आजतागायत तो नियम मोडलेला नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

विजयमालाला बातमी सांगितली. तिने फ्लॉवरकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाली, आधी डॉक्टर. चक्कर थांबली तर स्टेज, नाहीतर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसायचं आणि मच्छिंद्रभाऊजींना टाळ्या वाजवायच्या.

मच्छिंद्राला टाळ्या! त्यापेक्षा मरण पत्करेन. अर्थात उगाच नाही. वेळ आली तर.

५ डिसेंबर, शुक्रवार.

मोठे डॉक्टर झाले. मानेची सोनोग्राफी झाली, तिला डॉप्लर म्हणतात. निदान: मानेतून मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. रक्त कमी पोचतं. म्हणून चक्कर. रक्त पातळ करायची एक गोळी, बीपीची एक, आणि भरपूर पाणी प्यायचं.

डॉक्टर आकृती काढून समजावत होते. मी म्हटलं, डॉक्टर, कष्ट घेऊ नका, मी पाटबंधारे खात्यात राहुरीला उभा जन्म काढलाय. कालव्याला गाळ बसला की शेवटच्या चारीला पाणी पोचत नाही. वरचे भिजवून घेतात, टेलचे बोंबलतात. माझा मेंदू टेलला आहे.

डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. विजयमाला म्हणाली, आणि वरचं सगळं पाणी पोट घेतं.

बाहेर आल्यावर सुनीलने स्कूटरची किल्ली मागून घेतली. म्हणाला, आप्पा, थोडे दिवस. स्वतःच्या मुलाने! लहानपणी याच स्कूटरवर पुढे उभा राहून हॉर्न वाजवायचा. दिली. मनात त्याच्यावर एक कविता सुचली, पण तिच्यात वाईट शब्द येत होते.

९ डिसेंबर, मंगळवार.

गोळ्यांनी फरक पडतोय, पण सावकाश. दिवसातून एखाद्या वेळी पृथ्वी हलतेच. विजयमालाच्या भिशीतल्या एका बाईंची चक्कर म्हणे अॅक्युपंक्चरने कमी झाली. मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारलं. म्हणाले, गोळ्या चालू ठेवून करायचं असेल तर हरकत नाही, पण माणूस शिकलेला बघा.

म्हणजे सुया. चिनी सुया. हरकत नाही. कवितेसाठी माणसाने काय काय सोसलंय. मी तर फक्त टोचून घेणार.

संकल्प: १) घाबरायचं नाही. २) रोज सराव. ३) विजयमालाला सरावाचं कळू द्यायचं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

डॉ. यशोधरा. क्लिनिक सावेडीतच, हार्डवेअरच्या दुकानावर. जिन्यात खिळे विकायला मांडलेले. वर जाताना ते बघून जरा थांबलो. दम लागला होता म्हणून.

बाई चाळिशीच्या, चष्मा, बोलणं तडक. विचारलं, चक्कर कधी येते? मी म्हटलं, सांगून येत नाही. उठल्यावर? नाही. कुशीवर वळल्यावर? नाही. मान मागे टाकून वर बघताना? मी म्हटलं, डॉक्टर, मी सरळमार्गी माणूस. पाटबंधारे खात्यात असूनसुद्धा. मी कशाला वर बघू? विजयमालाने माझ्याकडे ओझरतं पाहिलं. तिचं लक्ष भिंतीवरच्या माणसाच्या नकाशाकडे होतं. त्या माणसाच्या अंगावर बस स्टॉपसारखे ठिपके होते.

मी विचारलं, सुईने रक्त कसं वाढणार? सुईने रक्त निघतं असं आम्ही ऐकलंय. बाई म्हणाल्या, या सुईने निघत नाही काका. ही केसासारखी. मानेचे स्नायू आखडलेले असतात ते सैल पडतात, नसा मेंदूला निरोप धाडतात, बारीक रक्तवाहिन्या थोड्या उघडतात, रक्त जरा मोकळं वाहतं असं समजतात. त्याने चक्कर कमी होऊ शकते. होईलच असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देणार नाही, अभ्यास झालेत पण अजून पक्के नाहीत. आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. गोळ्या बंद केल्यात तर सुया मी दुसरीकडे टोचीन.

म्हणजे या पाटकरी. चारीच्या तोंडाशी उभं राहून दारं उघडतात, पाळी देतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

सुया: कवटीखाली मानेच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या मधोमध एक, मनगटाजवळ, गुडघ्याखाली. अजिबात दुखलं नाही. पहिल्या सुईला मी ओरडलो असं विजयमाला सांगतेय, ते चूक आहे. मी आवाज मोकळा केला.

मग झोप लागली. घोरत होतो म्हणे. शेजारच्या कॉटवरच्या गुडघेदुखीवाल्याने जागा बदलून मागितली.

१५ डिसेंबर, सोमवार.

प्रकृती उत्तम. अंग हलकं. मान लोण्यासारखी.

विचारांती एक निर्णय घेतला. दारं उघडली आहेत, पाळी सुरू आहे, मग गोळ्यांची गरज काय? एकाच शेताला किती पाणी? उपळलं तर? गोळ्यांना विश्रांती दिली आहे. बंद केल्या नाहीत. विश्रांती. घेतोय असं दाखवून बाल्कनीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरतो.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

गच्चीवर सराव. विजयमाला खाली वाळलेले कपडे गोळा करत होती. गच्चीवर कोणी नाही. निळं आभाळ. हात मागे, मान वर, नजर टाकीच्या झाकणाच्याही वर. म्हणालो:

निंबाच्या शेंड्याला चांदणं लागलं,
सारं गाव निजलं, पाखरू जागलं.

काय आवाज लागला! पण दुसऱ्या कडव्याला गच्ची कलली. सोलरचा पाइप धरला. पाइप गरम होता. सोडला. मग टाकी धरली.

कारण शोधून काढलं: वारा. डिसेंबरातला वारा कानात शिरतो. उद्यापासून मफलर.

२३ डिसेंबर, मंगळवार.

मफलर बांधून सराव. पुन्हा तेच. कारण: मफलर. गळा आवळला गेला.

विजयमालाने मोगऱ्याला पाणी घालताना माती खुरपली. गोळ्या सापडल्या. काही ओल्या, काही फुगलेल्या. मला वाटलं आता आकाश कोसळणार. तिने त्या तळहातावर घेतल्या, मोगऱ्याकडे बघितलं, म्हणाली, याचं बीपी आता नॉर्मल असेल. बघा कसा एका जागी उभा आहे, पडत नाही.

मग मात्र आकाश कोसळलं. तपशील देत नाही.

गोळ्या पुन्हा सुरू. आता ती समोर उभी राहते आणि गिळल्यावर आ करायला लावते. गुरांच्या दवाखान्यात यापेक्षा मान ठेवतात.

२८ डिसेंबर, रविवार.

मच्छिंद्र आला. न कळवता. घोडेगावच्या बाजारात गुरांची दलाली करतो, आता पोरं बघतात पण हा जातोच. पांढरं धोतर, पायात रबरी बूट, खांद्यावर कांद्याची गोणी. आल्या आल्या म्हणाला, आरं गहिन्या, तुला भोवंड येती म्हनं. लई वाईट वाटलं. मी बरा हाय की. मी म्हनतो कविता.

म्हणजे वाईट वाटून कांदे घेऊन आला होता.

मी म्हटलं, मधलं कडवं म्हण. त्याने हसून विषय बदलला. मग माझ्याभोवती एक फेरी मारली, दोन बोटांनी मान चाचपली, डोळ्यांची पापणी खाली ओढली. विजयमालाला म्हणाला, वैनी, खरं सांगू का, बाजारात आला असता तर मी म्हनलो असतो, मानंत दोष हाय. औताला चालनार न्हाई. पर दारात बांधायला शोभंचा हाय.

विजयमाला हसली. खूप हसली. इतकी की चहा उतू गेला. मी कवी असून तिला असं कधी हसवू शकलो नाही.

जाताना म्हणाला, गड्या, पंचवीस तारखेला बरा राह्यला तर तूच म्हन. न्हाई राह्यला तर मी हायेच. त्या 'हायेच'मध्ये किती आनंद होता!

१ जानेवारी २०२६, गुरुवार.

नववर्षाचे संकल्प: १) मच्छिंद्राला हरवायचं. २) गोळ्या गिळायच्या. ३) कविता रोज. ४) फ्लॉवर खायचा नाही. पुन्हा कधीच नाही.

आज यशोधराबाईंना म्हटलं, तुमच्या सुयांचा उपयोग होतोय, पण गच्चीवर गेलो की सुयांची शक्ती कमी पडते. उंचीचा परिणाम असेल का? पाणी चढावर जात नाही, तसं रक्त? बाई म्हणाल्या, गच्चीवर काय करता? मी म्हटलं, चिंतन.

७ जानेवारी, बुधवार.

नोंद करण्यासारखी गोष्ट: सहा दिवस पृथ्वी हललेली नाही. गच्चीला कुलूप आहे (विजयमालाने लावलं. टाकी गळतेय म्हणे), त्यामुळे सराव बसून, मनातल्या मनात. तरी हललेली नाही. सुयांचा परिणाम आता मुरत चालला. बाईही खूश. म्हणाल्या, काका, मान सैल झालीय, तुम्ही तरुण दिसता. विजयमाला म्हणाली, डोळे तपासा यांचे नाहीतर तुमचे.

सायली मॅडमना कळवून टाकलं: मी येतोय. स्टेजवर. मच्छिंद्रला पहिल्या रांगेत खुर्ची द्या. हात मोकळे ठेवा म्हणावं, टाळ्या वाजवायच्या आहेत.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

आज विशेष काही घडलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार.

खरं लिहायचं तर थोडंसं घडलं. आपलीच रोजनिशी आहे, कोण वाचतंय.

काल संध्याकाळी आकाश पतंगांनी भरलेलं. नगरची संक्रांत ती! मी बाल्कनीत. लहानपणी घोडेगावच्या माळावर जुन्या वर्तमानपत्रांचे पतंग करायचो, चिकटवायला भाताची पेज. ते आठवलं आणि बघता बघता मान वर गेली. एक लाल पतंग कटून वर वर निघाला होता, थेट निंबावरच्या पाखरासारखा. तोंडातून कविता सुरू झाली. कधी सुरू झाली ते मला कळलं नाही.

पाखरा पाखरा, खाली ये जरा,
ओंजळीत दाणा ठेवीन खरा.

पाखरू आलं नाही. बाल्कनी आली. मी भिंत धरत धरत आत वळलो. हॉलमध्ये विजयमालाचं हळदीकुंकू. बायका ओळीने सतरंजीवर. माझ्यापुढे त्या सगळ्या फुगडी घालत होत्या, निदान मला तसं दिसत होतं. मधली एक जागा मोकळी दिसली, तिथे बसलो. सुवासिनींच्या ओळीत.

अत्तर लावणाऱ्या बाईंनी सवयीने माझ्या हाताला अत्तर लावलं. तिळगूळ दिला. वाण दिलं. चहाची गाळणी. प्लास्टिकची, निळी.

विजयमाला म्हणाली, राहू दे हो, तुम्हीही घ्या. सुवासीण तुम्हीच. माझं कुंकू तुमच्या मानेवरच उभं आहे.

बायका गेल्यावर म्हणाली, परवा यशोधराबाईंकडे. आणि पंचवीस तारीख विसरा.

विसरा! गुरुजींना विसरू? आढ्याला विसरू?

१६ जानेवारी, शुक्रवार.

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा.

विजयमालाने संक्रांतीचं सगळं सांगितलं. गाळणीसुद्धा. यशोधराबाई सुयांचा डबा न उघडताच म्हणाल्या, काका, ती कविता मला म्हणून दाखवा. इथे, उभं राहून. माझ्यासमोर.

माझ्या कवितेला अखेर एक रसिक मिळाला! उभा राहिलो. हात मागे. मान वर. क्लिनिकचं छत पीओपीचं, आढं नाही, पण पंखा होता. खड्या आवाजात सुरू केली. तिसऱ्या ओळीलाच बाई खुर्चीतून उठल्या, धावत आल्या, मला दोन्ही खांद्यांना धरलं. इतका परिणाम मी आजवर कोणावर बघितला नव्हता. शब्दांत ताकद असते ती अशी. जरा वेळाने क्लिनिकही थांबलं.

मग बाई विजयमालाला म्हणाल्या, सापडलं. म्हणाल्या, हे मान इतकी मागे टाकतात की आधीच अरुंद नळी दाबली जाते. मी सुयांनी दार उघडते आणि हे कवितेने बंद करतात. काकू, तुमच्या लक्षात नाही आलं? विजयमाला म्हणाली, डॉक्टर, लग्न झाल्यापासून हे असेच उभे राहतात. मला वाटलं, पुरुष असेच असतात.

मी म्हटलं, मी फक्त नजर आढ्याला लावतो. मान आपोआप जाते. बाई म्हणाल्या, मानेला तुमची कविता कळत नाही काका.

तोडगा: मानेला मऊ पट्टा. औषध म्हणून नाही, बाई म्हणाल्या, आठवण म्हणून. कविता म्हणायचीच तर पट्टा घालून, नजर समोर. सात दिवस चक्कर आली नाही तर स्टेजला त्यांची परवानगी. मोठ्या डॉक्टरांनाही फोन करून सांगितलं.

विजयमाला तयार झाली. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं. मग म्हणाली, कांदा चिरलाय सकाळी.

१९ जानेवारी, सोमवार.

पट्टा घालून सराव. मान वर जात नाही. नजर समोर, म्हणजे सुनीलवर. तो टीव्ही बघत होता. कविता येत नाहीये. पहिली ओळ येते, मग सुनीलचा बनियन दिसतो आणि सगळं जातं.

किरकोळ अडचण. आवाज बसलाय. ज्येष्ठमध.

२४ जानेवारी, शनिवार.

सात दिवस पृथ्वी जागेवर. यशोधराबाईंनी शेवटच्या सुया दिल्या. म्हणाल्या, काका, छान. फक्त समोर बघा. मी म्हटलं, समोर बघणं हा माझा स्वभावच आहे.

सराव: पट्ट्यासकट चार वेळा. चारही वेळा पहिल्या ओळीपर्यंत. स्टेजवर प्रेरणा मिळेलच. मोठे कलाकार सराव करत नाहीत.

धोतर, कोट, टोपी काढून ठेवली. पट्ट्यावर उपरणं घ्यावं का? बरं दिसेल.

२५ जानेवारी, रविवार. निघण्यापूर्वी.

निघतोय. सुनीलची गाडी. माझ्या हातात गुरुजींचा फोटो.

आज मच्छिंद्रला कळेल.

२६ जानेवारी, सोमवार.

लिहायचं नव्हतं. पण न लिहिता झोप लागणार नाही.

शाळेचं मैदान. मोठा मांडव. जुनी इमारत बघायला आधी गेलो. आमच्या वर्गावर आता स्लॅब आहे. आढं गेलं. तिथे एक ट्यूबलाइट होती. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलो असतो, पण पट्टा होता.

माझं नाव पुकारलं. वर गेलो. टाळ्या. हात मागे. मान... मान नाही. समोर.

समोर किती माणसं! जन्मात पहिल्यांदा श्रोते दिसले. मी आजवर कधी बघितलेच नव्हते. कोणी शेंगा सोलतंय, कोणी मोबाईलवर बोलतंय, एक म्हातारी माझ्याकडे बघून जांभई देतेय. पहिल्या रांगेत मच्छिंद्र, हात मांडीवर. त्याच्या पलीकडे विजयमाला, तिने हाताची घडी घातली होती.

पहिली ओळ आली. दुसरी आली. मग काहीच नाही. कविता वर होती, मी खाली होतो.

हात आपोआप पट्ट्याकडे गेला. एकदाच, फक्त एकदा वर बघून घ्यावं. पट्टा चर्रकन उघडला. माइक समोरच होता. तो आवाज मांडवभर गेला, लोकांना वाटलं माझं धोतर फाटलं.

विजयमाला उठून उभी. म्हणाली, अहो! हात काढा तिथनं!

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

मच्छिंद्र खुर्चीतून उठला. म्हणाला, थांब गड्या, म्या धरतो. आणि सुरू केली. निंबाच्या शेंड्याला चांदणं लागलं, सारं गाव निजलं, पाखरू जागलं. छान म्हणाला, खोटं का बोलू. आणि मग थांबला. मधलं कडवं. तेच. त्याने पायाच्या अंगठ्यांकडे बघितलं. तिथेही नव्हतं.

मला वाटलं, गुरुजींची कविता इथे संपली. आमच्या दोघांत मिळूनही ती पुरली नाही.

तेवढ्यात विजयमाला, उभीच होती, वैतागून म्हणाली:

पाखरा पाखरा, खाली ये जरा,
ओंजळीत दाणा ठेवीन खरा.

सरळ समोर बघून. हाताची घडी तशीच. भाजीवाल्याला भाव सांगावा तसं. आणि थांबलीच नाही:

पाखरू म्हणालं, तूच ये वर,
मातीत काय बघतोस? मान वर कर!

आणि त्याच दमात, माझा हात अजून पट्ट्यावर बघून, बोट रोखून म्हणाली: तुम्ही नाही!

मांडव कोसळला. जांभई देणारी म्हातारी टाळ्या वाजवत होती. मच्छिंद्र इतका हसला की शेजारच्याच्या खांद्यावर पडला. त्याला कोणी डॉक्टरकडे नेलं नाही.

माझ्यासाठी आणलेली शाल विजयमालाला दिली. श्रीफळही. गाडीत मी विचारलं, तुला कविता कधीपासून येते? म्हणाली, लग्नापासून रोज सकाळी तुमच्या आंघोळीच्या वेळी ऐकतेय. न यायला मी काय मच्छिंद्रभाऊजी आहे?

मग जरा वेळाने म्हणाली, चांगली आहे कविता. तुम्ही ओरडून म्हणता म्हणून कळत नव्हती.

शाल तिने माझ्या गुडघ्यांवर टाकली. गार वारं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार.

सायली मॅडमनी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला. चौथीची मुलं कविता म्हणतायत. छान म्हणतायत. शेवटी सगळी एकसुरात, बोट रोखून: मान वर कर! तुम्ही नाही!

मी ताबडतोब फोन केला. म्हटलं, मॅडम, ते शेवटचे दोन शब्द गुरुजींचे नाहीत. म्हणाल्या, हो का? मुलांना तेवढेच सगळ्यात आवडलेत. राहू द्यात. आणि काकूंना एकदा पाठवाल का शाळेत? चाल नीट बसवायची आहे.

यशोधराबाईंकडे गेलो. तपासून म्हणाल्या, चक्कर नाही, मान सैल, बीपी चांगलं. गोळ्या चालू, सुया आता महिन्यातून एकदा. ट्रीटमेंट यशस्वी. मीही यशस्वीच म्हणेन. पृथ्वीने माझ्यापुढे हार मानली आहे.

सुनीलने स्कूटरची किल्ली परत दिली. विजयमालाने ती डब्यात ठेवली.

नवा संकल्प: मान वर न करता कविता म्हणायला शिकायचं. शिकवायला विजयमाला तयार आहे. मांडवात नाही, गच्चीवर नाही, स्वयंपाकघरात. तिची एकच अट: शिकताना लसूण सोलायचा. लसूण सोलताना मान आपोआप खाली राहते म्हणाली, आणि नजरेला कामही मिळतं.

आज पहिलं कडवं न अडखळता आलं. लसूण वाटीभर झाला. मधल्या कडव्याला उद्या बसायचं.

उद्या कोथिंबीर निवडायची आहे म्हणे.